परतीची तारीख

२२ जून २०२५, रविवार. गिरगाव

म्हाडाच्या यादीत यंदा ९६ इमारती आहेत. दर पावसाळ्याआधी दुरुस्ती मंडळाचे अभियंते शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती पाहून जातात आणि पुढचा पावसाळा निभेल याची खात्री नसलेल्यांची नावे ‘अतिधोकादायक’ म्हणून जाहीर होतात. यादी वाचताना रोजच्या पायाखालचे रस्ते एकामागून एक येत गेले.

नाव आले की मंडळाची माणसे येतात, दारावर नोटीस लावतात. संक्रमण शिबिरात जा, नाहीतर दरमहा २०,००० रुपये भाडे घ्या आणि तुमची तुम्ही सोय करा. बरीच बिऱ्हाडे दोन्ही नाकारून तिथेच राहतात. जिन्याला टेकू, गॅलरीला टेकू, आणि टेकूंना दोरी बांधून त्यावर कपडे वाळत घातलेले.

विधान परिषदेतल्या एका सदस्यांसाठी मी गृहनिर्माणाच्या प्रश्नांचे मसुदे करते. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही. लालबागच्या चाळीत वाढलेले, वडील गिरणीत साचे खात्यात होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, “ताई, माणसं निघत का नाहीत, हे एकच मला या अधिवेशनात नीट मांडायचंय. रहिवासी सहकार्य करत नाहीत, असं प्रत्येक उत्तरात लिहून येतं. ते वाक्य मला खोडायचंय.”

उत्तर माझ्या शेजारच्या आजींनी फार वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. खोली सोडली की खोली गेली. सत्तरच्या दशकात त्यांच्या नात्यातले एक कुटुंब सहा महिन्यांसाठी म्हणून शिबिरात गेले. इमारत पाडली, प्लॉट अरुंद निघाला, नव्या नियमांत तिथे काहीच उभे राहीना. कुटुंबाचे नाव बृहतसूचीत, म्हणजे जागा परत न मिळालेल्यांच्या यादीत, गेले. शिबिरात गेलेल्या माणसाचा मुलगा आज आजोबा आहे आणि पत्ता अजून शिबिराचाच. असे घर प्रत्येक चाळीच्या ओळखीत निदान एक तरी आहे. कोसळण्याची भीती आणि घर कायमचे जाण्याची भीती, दोन्ही लोक समोरासमोर ठेवून पाहतात. पहिली कदाचित खरी होईल, दुसरी त्यांनी खरी झालेली पाहिली आहे. भाऊंसाठीच्या टिपणात हेच पहिले वाक्य म्हणून लिहिले.

२७ जून, शुक्रवार

आज दिवसभर १९६९ चा कायदा. मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अधिनियम. नव्याने निवडून आलेल्या प्रत्येक सदस्याने हा वाचावा असे मला मनापासून वाटते, कारण आजच्या भांडणाची सगळी मुळे त्यात सापडतात.

१९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. युद्धानंतर गावाकडून, फाळणीनंतर सिंधमधून माणसे येत होती, घरमालक मनाला येईल ते भाडे मागत होते, तेव्हा ही गरज खरीच होती. पण भाडे जिथल्या तिथे राहिले आणि चुना, लाकूड, मजुरी वाढत गेली. मालकाने हात आखडला. साठच्या दशकात दर पावसाळ्यात इमारती पडू लागल्या, आणि मग सरकारने ठरवले की दुरुस्ती आपण करायची, त्यासाठी इमारतीवर उपकर लावायचा. अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ गटात त्यातल्या १६,५०२. घरमालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, कायदा टिकला. पुढे १९७७ मध्ये म्हाडा स्थापन झाली आणि मंडळ तिच्यात आले.

त्या वेळी हा उपाय धाडसी होता. खासगी इमारतीच्या दुरुस्तीची जबाबदारी राज्याने अंगावर घ्यावी, हे देशात दुसरीकडे या प्रमाणावर झालेले मला माहीत नाही. त्यामुळे लाखो माणसे आपल्या वस्तीत, आपल्या शाळा-बाजाराजवळ राहू शकली. गिरगाव, लालबाग, दादर मराठी राहिले त्यात या उपकराचा वाटा मोठा आहे, आणि तो कुणी मोजत नाही.

पण कायद्याचा भर डागडुजीवर होता. शंभर वर्षांच्या लाकडी इमारतीला आणखी किती काळ धरून ठेवायचे, आणि ती पडायच्या आत माणसांना कुठे आणि कोणत्या हमीवर न्यायचे, याचे उत्तर त्यात नव्हते. पुढची सगळी दुरुस्ती विधेयके तेच उत्तर शोधत आहेत.

३० जून, सोमवार

पावसाळी अधिवेशन सुरू झाले. पहिला दिवस नेहमीसारखा पुरवणी मागण्या, शोकप्रस्ताव यांत गेला.

तारांकित प्रश्न केव्हाच गेले आहेत. ते खूप आधी द्यावे लागतात. आता हाताशी राहते लक्षवेधी आणि औचित्याचा मुद्दा. प्रश्नाची चौकट वर्षानुवर्षे ठरलेली आहे. अमुक घडले हे खरे आहे काय. असल्यास चौकशी केली काय. त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. बाहेरच्यांना ही भाषा रुक्ष वाटते. मला तिच्यात फार मोठी ताकद दिसते. सामान्य भाडेकरू मंडळाच्या कार्यालयात वर्षभर खेटे घालतो, त्याला कुणी लेखी काही देत नाही. तोच प्रश्न सभागृहाच्या यादीवर आला की फाईल कार्यकारी अभियंत्यापासून सचिवापर्यंत जाते, प्रत्येकाला सही करावी लागते, आणि मंत्र्याला उत्तर छापील द्यावे लागते. ते उत्तर मग न्यायालयातही दाखवता येते. प्रश्न सभागृहात चर्चेला आला नाही तरी उत्तर छापले जाते, म्हणून मी नवख्या सदस्यांना सांगते की वेळ मिळाला नाही म्हणून प्रश्न वाया गेला असे समजू नका.

३ जुलै, गुरुवार

नरिमन पॉइंटला विधान भवनात जाताना ज्यांचे नाव त्या जागेला आहे त्यांची आठवण किती जणांना होते? खुर्शेद फ्रामजी नरिमन हे १९२० च्या दशकात मुंबईच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाचे सदस्य होते. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये विकास खाते काढले. त्याच्याकडे दोन कामे होती, बॅकबेचा भराव आणि कामगारांच्या चाळी. चाळींसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला गेला. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, सोळा हजारांच्या वर खोल्या. खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या बीडीडी चाळी.

भरावाच्या कामातली उधळपट्टी नरिमन यांनी सभागृहात उघडी केली. सभासद म्हणून आत बोललेल्या शब्दाला संरक्षण असते. त्यांनी तेच आरोप बाहेरही केले. खात्यातल्या हार्वे नावाच्या अभियंत्याने अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन यांनी माफी मागितली नाही, पुरावे उभे केले आणि १९२८ मध्ये निर्दोष सुटले. दरम्यान सरकारला चौकशी समितीही नेमावी लागली होती. घरबांधणीच्या आणि जमिनीच्या व्यवहारावर लोकप्रतिनिधीने कागदांनिशी लढावे, याचा मुंबईतला पाया इथे पडला असे मी मानते.

चाळींची कथा वेगळी. काँक्रीटच्या पक्क्या, पण खोल्यांत उजेड कमी, आणि भाडे गिरणीतल्या माणसाला जड. सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्याच पडून होत्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तुरुंग केला गेला. राहणाऱ्याला न विचारता आखलेली घरे पक्की असली तरी रिकामी राहतात.

याच काळात परळच्या सोशल सर्व्हिस लीगचे ना. म. जोशी दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांचे नेमलेले प्रतिनिधी होते, १९२१ पासून १९४७ पर्यंत. पुढे डिलाईल रोडला त्यांचेच नाव दिले गेले. आणि डॉ. आंबेडकर १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गेले तेव्हा ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होते. हिंदू कॉलनीतले ‘राजगृह’ नंतरचे. कायदा करणारा माणूस सामाईक नळावर रांगेत उभा असलेल्यांचा शेजारी होता.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

सकाळी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेरची रांग कात्रक रोडवर लांबपर्यंत गेली होती. तिथून दादरला, एका जुन्या इमारतीची पाहणी करायला. बरोबर निवृत्त अभियंता होते, अण्णा म्हणतात त्यांना. त्यांनी आयुष्यभर अशाच इमारती पाहिल्या. भाऊही आले. आमदाराने तुळई हाताने चाचपून पाहिल्याशिवाय त्यावर बोलू नये असे अण्णांचे म्हणणे, आणि भाऊंना ते पटते.

अण्णा आम्हाला दर्शनी बाजूला थांबू न देता थेट मागे घेऊन गेले, संडासांच्या बाजूला. जुनी चाळ बहुधा इथूनच बसते. मजल्याच्या सागवानी तुळया भिंतीतल्या खोबणीत टेकलेल्या असतात. संडासाचा, मोरीचा पाइप गळतो, भिंत वर्षानुवर्षे ओली राहते, आणि तुळईचे भिंतीत लपलेले टोक कुजते. खोलीच्या मधोमध तीच तुळई ठणठणीत असते, ठोकली तर खणखणीत वाजते. म्हणून राहणारा म्हणतो, आमचं लाकूड बघा, अजून शंभर वर्षं काढील. अण्णांनी गिलाव्याचा तुकडा काढून पेचकस आत घातला. मुठीपर्यंत गेला.

“भार कुठं वाढला ते बघा आता,” ते म्हणाले. पूर्वी शेणाने सारवलेल्या किंवा शहाबादी फरशीच्या खोल्या. त्यावर आता दोनदा टाइल्स चढल्या, मोरीची न्हाणी झाली, ओट्यावर ग्रॅनाइट आले, पोटमाळ्यावर संसार गेला, गच्चीवर पाण्याच्या टाक्या बसल्या. तळमजल्यावर दुकान रुंद करायला कुणी मधली भिंत काढतो. प्रत्येकाने आपल्यापुरते थोडेसेच केलेले असते. मंडळाने दुरुस्तीत कुजक्या तुळईच्या जागी लोखंडी गर्डर घातला तरी गळती तशीच ठेवली, तर तो गर्डरही त्याच ठिकाणी गंजतो.

भाऊंनी विचारले, “म्हणजे आधी नळाचं काम, मग तुळईचं?”

“आधी पाणी थांबवा. पण टेंडरात तुळई दिसते, गळती दिसत नाही.”

हे वाक्य मी लक्षवेधीच्या टिपणात जसेच्या तसे घेतले. दुरुस्तीचा प्रस्ताव मंजूर करताना पाण्याच्या व मैल्याच्या वाहिन्या बदलणे सक्तीचे करणार काय, असा प्रश्न त्यातून तयार झाला.

परतताना अण्णांनी माझगावच्या बाबू गेनू मंडईच्या इमारतीची गोष्ट काढली. २७ सप्टेंबर २०१३ ला पहाटे ती कोसळली, ६१ माणसे गेली. ती जुनी लाकडी चाळ नव्हती, उपकरप्राप्तही नव्हती. महापालिकेची स्वतःची, जेमतेम तिशी ओलांडलेली इमारत, आणि राहणारे पालिकेचेच कर्मचारी. तळमजल्यावरच्या गोदामात आधारांची तोडमोड झाल्याचा संशय पुढे आला. मुंबई महापालिका कायद्याप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते; मालक स्वतः पालिका असली तर तिच्याकडून ते कोण करून घेणार?

१० जुलै, गुरुवार

लक्षवेधी पुढे ढकलली गेली. भाऊंनी औचित्याच्या मुद्द्यातून दोन मिनिटे मिळवली आणि ‘रहिवासी सहकार्य करत नाहीत’ हे वाक्य उत्तरातून काढून टाकावे, अशी मागणी केली. नोंद झाली.

१६ जुलै, बुधवार

ही तारीख दक्षिण मुंबईने विसरू नये. १६ जुलै २०१९ ला डोंगरीतल्या तांडेल गल्लीत केसरबाई इमारत पडली, डझनाहून अधिक माणसे दगावली. बरोबर एक वर्षाने, १६ जुलै २०२० ला, फोर्टमध्ये भानुशाली इमारतीचा मोठा भाग पडला, दहा गेले. त्याआधी ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात पाकमोडिया स्ट्रीटवर हुसैनी इमारत, ३३ मृत्यू. हुसैनी तर पुनर्विकासाच्या योजनेत होती. सगळा परिसर नव्याने बांधायचे काम सुरू झालेले, आणि तरी माणसे आत होती.

केसरबाईच्या वेळी ढिगारा उपसणे चालू असतानाच म्हाडाने सांगितले की पडलेला भाग उपकरप्राप्त इमारतीचा नाही, मागचे अनधिकृत बांधकाम आहे. म्हणजे जबाबदारी पालिकेची. त्या दिवशीचा राग अजून माझ्यात आहे. ज्या इमारतीत माणसे राहतात, मतदार यादीत त्यांची नावे आहेत, वीज-पाण्याची बिले येतात, ती कुणाची हे ती पडल्यावर ठरवायला बसायचे?

मात्र केसरबाईनंतर सभागृहाने काम केले हेही लिहायला हवे. २०२० मध्ये म्हाडा कायद्यात दुरुस्ती झाली. कलम ७९-अ प्रमाणे इमारत धोकादायक ठरली की मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला सहा महिने. त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने. तिलाही जमले नाही तर म्हाडाने जागा संपादित करून स्वतः बांधायचे. कलम ९१-अ अर्धवट सोडलेल्या प्रकल्पांसाठी. इमारत पाडून, भाडे थकवून पळालेल्या विकासकाकडून प्रकल्प काढून घेता येतो. विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले, संमती आली २०२२ च्या अखेरीस. इमारत पडल्यापासून कायदा हाती येईपर्यंत तीन पावसाळे उलटून गेले. मधल्या काळात दिल्लीतल्या फाईलचा पाठपुरावा करायला मुंबईच्या खासदारांनी राज्यातल्या सदस्यांच्या बरोबरीने बसायला हवे होते; घर राज्याचा विषय म्हणून संसदेने हात झटकायचे नसतात. गिरण्यांच्या चाळींचेच घ्या. गिरणी संपानंतर १९८३ मध्ये केंद्राने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यांच्या आवारातल्या चाळींचा मालक आज राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ. तिथल्या भाडेकरूला छप्पर बदलायचे तरी परवानगी दिल्लीकडे.

आणि रेरा. तो केंद्राचा कायदा. नव्या इमारतीत फ्लॅट विकत घेणाऱ्याला त्याचे संरक्षण आहे, ताबा लांबला तर व्याज मागता येते. त्याच प्लॉटवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला, खोली रिकामी करून दिल्यामुळेच ज्याच्या जागेवर तो फ्लॅट उभा राहतोय, तो भाडेकरू मात्र त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. पुनर्वसनाच्या घराची तारीख चुकली तर त्याने जायचे कुठे? व्याख्येतली ही दुरुस्ती संसदेतच होऊ शकते. भाऊंना सांगून इथल्या खासदारांसाठी वेगळे टिपण केले आहे.

१८ जुलै, शुक्रवार

अधिवेशन संपले. लक्षवेधी शेवटच्या दिवसांत पटलावर आली, चर्चा थोडकी झाली. जुन्या वाहिन्यांबाबत तपासून निर्णय घेऊ, इतके आश्वासन पदरात पडले. भाऊ वैतागले होते. मी म्हटले, हे आश्वासन आता आश्वासन समितीकडे जाईल, ठरलेल्या मुदतीत पूर्तता करावी लागेल, आपण तारखा लिहून ठेवू. सभागृहात भाषण झाले की कॅमेरे निघून जातात; समितीच्या खोलीत कुणी पाहायला नसते, आणि गेल्या काही वर्षांत हाती लागलेले बरेचसे तिथल्याच चिकाटीने लागले आहे. बीडीडी चाळींत निवृत्त पोलिसांच्या कुटुंबांना घर देताना आधी ५० लाख रुपये मागितले गेले होते. मग २५ लाख झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये सभागृहात १५ लाखांची घोषणा झाली. वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले, म्हणून तो आकडा खाली आला.

२२ जुलै, मंगळवार

परळला एका टॉवरमध्ये मैत्रिणीकडे. तळाशी अग्निशमनाचा पंप होता, पण शेवटचे प्रमाणपत्र कधीचे ते कुणाला माहीत नव्हते. २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून ते घ्यायचे असते. २२ ऑगस्ट २०१८ ला इथून जवळच क्रिस्टल टॉवरला आग लागून चौघे गेले. चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्यांना हे कुणी शिकवलेले नाही. चावीबरोबर द्यायच्या कागदांत ही माहिती मराठीत असावी, म्हणून टाचण केले.

३० जुलै, बुधवार

उच्च न्यायालयाने म्हाडाच्या कलम ७९-अ खालच्या ९३५ नोटिसांना लगाम घातला आणि चौकशीला समिती नेमली. इमारत धोकादायक असल्याचे पालिकेने किंवा सक्षम प्राधिकाऱ्याने आधी जाहीर करायला हवे. ते नसताना अभियंत्यांनी थेट नोटिसा कशा काढल्या, हा मूळ आक्षेप.

चाळीच्या गॅलरीत रात्री उशिरापर्यंत यावरच बोलणे. काही इमारतींना खरोखर धोका नसताना विकासकाच्या सोयीसाठी नोटिसा गेल्या असतील तर न्यायालयाने बरोबर केले. पण ज्यांची तुळई अण्णांच्या पेचकसाने मुठीपर्यंत भोकसली जाईल अशांच्या नोटिसाही त्याच गठ्ठ्यात अडकल्या. मालकाचा मालमत्तेचा हक्क आणि भाडेकरूचा राहण्याचा हक्क यांचा वाद म्हाडा कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीपासून चालू आहे. सत्तर टक्के भाडेकरूंनी मागणी केली तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रकमेत इमारत संपादित करायची, अशी तरतूद तेव्हा आली. तो वाद १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातला घटनात्मक प्रश्न नऊ न्यायमूर्तींपुढे निकाली निघायला ५ नोव्हेंबर २०२४ उजाडले. बहुमताने ठरले की प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. इतक्या वर्षांत मूळ भाडेकरूंपैकी किती हयात राहिले असतील?

मला यातून दिसते ते असे. संपादनाचे अधिकार वाढवत नेले की न्यायालयात अडकतात. त्यापेक्षा भाडेकरूच्या परतीची हमी पक्की केली, तर कुणावर सक्ती न करताही धोकादायक इमारत रिकामी होईल, आणि माणसे वाचणे हे पहिले. घर सोडतानाच, त्याच इमारतीच्या जागेवर किंवा त्याच विभागात, इतक्या क्षेत्रफळाचे घर, या तारखेपर्यंत, आणि तारीख चुकली तर वाढीव भाडे. हे सगळे शासनाच्या शिक्क्यानिशी नोंदवलेल्या एका कागदावर भाडेकरूच्या हातात पडले पाहिजे. आज क्षेत्रफळ लिहिलेले असते. तारीख नसते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

माटुंग्याच्या यशवंत नाट्य मंदिरात वरळीच्या ५५६ बीडीडी कुटुंबांना चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. भूमिपूजन २०१७ चे. चावी हातात घेऊन रडणाऱ्या बायका दूरदर्शनवर पाहताना मलाही भरून आले. शंभर वर्षे ज्या खोलीत तीन-तीन बिऱ्हाडे पाळीने झोपली, तिथल्या नातवंडांना आज स्वतःचे दार मिळाले, त्याच वरळीत.

हे वरळीत का जमले? जमीन सरकारची, मालक एकच, बांधणारी म्हाडा. लोकांना जवळपास ठेवले किंवा भाडे दिले, आणि वस्ती मोडली नाही. गिरगावात प्रत्येक चाळीला वेगळा मालक, कुठे ट्रस्ट, कुठे परदेशी गेलेले वारस, प्लॉट इतके लहान की विकास नियंत्रण नियमातल्या पुनर्विकासाच्या ३३(७) मध्ये दोन इमारती एकत्र केल्याशिवाय जिना आणि लिफ्टच बसत नाही. वरळीची घडी इथे तशीच उतरवता येणार नाही. पण वरळीत लोक खोल्या सोडून निघाले, कारण समोर इमारत चढताना दिसत होती आणि देणारा पळून जाणारा नव्हता. एवढे तरी इथे आणता येईल.

भाऊंचा रात्री मेसेज आला. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींच्या तारखा पुढच्या अधिवेशनात मागायच्या आहेत. टिपण सुरू करते.

२४ ऑगस्ट, रविवार

आमच्या चाळ कमिटीची बैठक, गणपतीच्या मखराचे सामान बाजूला सारून. विकासकाने कराराचा मसुदा पाठवला आहे. नवे घर ४०५ चौरस फूट, दोन वर्षांचे भाडे आगाऊ, सामान हलवायचा खर्च. कागद देखणा आहे. तरुण पोरांना सही करायची घाई आहे आणि मला त्यांची घाई समजते. लग्ने अडली आहेत, आई-वडिलांना जिना चढवत नाही.

मी मसुदा मोठ्याने वाचला. ‘सर्व परवानग्या प्राप्त झाल्यानंतर छत्तीस महिन्यांत’ असे ताब्याचे कलम. परवानग्या कधी मिळणार याला मर्यादा नाही. अण्णांना मुद्दाम बोलावले होते. ते म्हणाले, हे छत्तीस महिने सुरूच होणार नाहीत असे धरून चाला. आजींनी विचारले, “मग लिहून काय घ्यायचं?”

चार गोष्टी ठरल्या. मुदत खोल्या रिकाम्या केल्याच्या दिवसापासून मोजायची. ती उलटली की भाडे दरवर्षी वाढत जाईल. दोन वर्षांपुढच्या भाड्यासाठी बँक हमी आधी जमा होईल. आणि प्रत्येक भाडेकरूचा करार स्वतंत्रपणे नोंदवला जाईल, कमिटीच्या नावाने एकच नाही. पोरांपैकी एकजण म्हणाला की बिल्डर हे मानणार नाही. दुसऱ्याने वरळीच्या चाव्यांचा फोटो काढून दाखवला आणि सांगितले, मानायला लावू. तोवर मागच्या वाहिन्यांचे काम वर्गणीतून लगेच करून घ्यायचे, अण्णांच्या देखरेखीखाली. त्यासाठी खोलीमागे रक्कम ठरली, ज्यांना जमणार नाही त्यांची बाकीच्यांनी वाटून घेतली.

मसुद्यावर लाल पेनाने दुरुस्त्या केल्या, सगळ्यांनी समासात आद्याक्षरे घातली. विसर्जन झाले की पहिल्या सोमवारी तो विकासकाच्या कार्यालयात जाईल. एक प्रत भाऊंकडे, नागपूरच्या अधिवेशनासाठी.